पत्र्याच्या पाइपाला झोका बांधू नका

बुऱ्हाणपुरात वादळ येतं वैशाखात आणि माणसं माझ्याकडे येतात ज्येष्ठात. "काकू, पत्रे उडाले, लवकर चला." मी विचारते, दिवाळीत कुठे होतात? संक्रांतीला कुठे होतात? त्यावर गिऱ्हाईक माझ्याकडे असं बघतं, की जणू वादळ मीच पाठवलं होतं. म्हणून या दिवाळी अंकाच्या संपादकांनी "तुमच्या धंद्यातलं काही लिहा" म्हटल्यावर मी मागेपुढे न पाहता हो म्हणून टाकलं. माझं बोलणं लोकांच्या हातात वेळेवर पडायची ही पहिलीच खेप आहे. फराळ करता करता वाचा, पण वाचून झाल्यावर उठून एकदा वर बघा.

शनवारा दरवाजापासून थोडं आत आमचं पत्र्यांचं दुकान आहे. सासऱ्यांनी थाटलं, आता आमचे हे गल्ल्यावर बसतात आणि मी पत्र्यावर. ही वाटणी कुणी ठरवून केलेली नाही. आमच्या यांना उंचीचं भय. स्टुलावर उभं राहून पंखा पुसायचा म्हटला तरी घाम फुटतो, डोळे फिरतात. पत्रे बसवायला म्हणून मिस्त्री बाहेरून बोलवायचे. एकदा मिस्त्री आलाच नाही, गिऱ्हाईक दुकानात ठाण मांडून बसलं आणि हे माझ्याकडे बघत राहिले. मी साडीच्या आत यांची पँट चढवली आणि शिडी लावली. सासूबाई त्यानंतर बरेच दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. घरात जरा शांतता मिळाली, ती मला आवडली, म्हणून मी चढतच राहिले.

आता माझी साठी उलटली. मुलगा इंदूरला असतो. फोन केला की म्हणतो, आई, बस झालं, खाली उतर. मी म्हणते, अरे, मी खालीच आहे, आवाज येत नाही का? तेव्हा मी नेमकी कुणाच्या तरी छपरावर बसलेली असते. गुडघे कुरकुरतात, ते घरी बसलं तरी कुरकुरतातच. वर निदान वारा लागतो.

धंदा समजून सांगते, कारण अर्धं नुकसान न समजल्यामुळे होतं. लोकांना वाटतं, पत्रा वजनावर राहतो आणि वारा त्याला वरून ढकलतो. तसं नसतं. वारा उघड्या दारातून आत शिरतो, त्याला पलीकडे निघायला वाट मिळत नाही, मग तो छप्पर खालून उचलतो. वरून जाणारा वाराही त्याला वर ओढतो. वाऱ्यात छत्री उलटी होते ना, तसंच. त्या वेळी पत्र्याला धरून ठेवतो हूक, हुकाला धरतो आडवा पाइप आणि पाइपाला धरते भिंत. हुकाखालचं रबरी वायसर आमच्याकडच्या उन्हाने तडकलं की पाणी गळतं, म्हणून लोक हूक बघतात, वायसर बदलतात. पाइपाचं भिंतीतलं टोक मात्र कुणी बघत नाही, कारण तिथून पाणी गळत नाही. माझं निम्मं आयुष्य लोकांना ते टोक दाखवण्यात गेलं आहे.

आणि दगड! पत्र्यावर दगड ठेवण्याची आमच्या लोकांना कोण हौस. दगड, जुने टायर, फुटकं जातं, जे सापडेल ते. जैनाबादला एक अण्णा होते, त्यांनी तापीच्या पात्रातले गुळगुळीत गोटे निवडून आणून छपरावर रांगेत मांडले होते. मला कौतुकाने दाखवत म्हणाले, "बघा, इतकी वर्षं झाली, एक पत्रा हलला नाही." मी त्यांना घरात नेलं, खाटेवर आडवं व्हायला सांगितलं आणि म्हटलं, आता वर बघून मला सांगा, कुठला गोटा कुणाच्या डोक्यावर आहे. अण्णा बोट दाखवत सुरू झाले. हा नातवाच्या, हा सुनेच्या, हा मोठ्याच्या. मग त्यांचं बोट बरोबर त्यांच्या उशीवर थांबलं आणि ते उठून बसले. वारा पत्रा उचलतो तेव्हा दगड वाऱ्याबरोबर जात नाही, तो सरळ खाली येतो. त्याच दिवशी आम्ही सगळे गोटे उतरवले. अण्णांनी ते अंगणात तुळशीभोवती मांडले आणि तिथे ते खरंच छान दिसतात.

पण दगडांपेक्षा माझं मोठं भांडण आहे ते झोक्याशी. हे फक्त आमच्याकडच्याच माणसांना सुचेल. अखाजीला, म्हणजे तुमच्या अक्षय्य तृतीयेला, आमच्या भागात लेकी माहेरी येतात आणि त्यांच्यासाठी झोका बांधतात. पूर्वी घरं धाब्याची होती. सागाच्या जाड तुळया, वर मातीचं छत. त्या तुळईला झोका बांधून गल्लीतल्या सगळ्या पोरी एकदम बसल्या तरी घर हलत नसे. पुढे लोकांनी धाबं उतरवलं, पत्रा घातला, तुळईच्या जागी पोकळ पाइप आला. झोका मात्र आहे त्याच जागी राहिला. झोका मागेपुढे गेला की पाइप भिंतीतल्या भोकात हलतो, सिमेंट झिजतं, भोक मोठं होतं. दर अखाजीला थोडं थोडं. आणि अखाजी झाली की लगेच वावधानाचे दिवस, म्हणजे आमच्याकडचं वादळ. ज्या घरात लेकी जास्त, त्या घराचा पाइप जास्त ढिला, हे मी शपथेवर सांगू शकते.

बहादरपूरच्या इंदूबाईंना एकच लेक, पण त्यांच्या घराचा पाइप गावातल्या कुठल्याही घरापेक्षा जास्त ढिला होता. त्या घराची गोष्ट मला सांगायची आहे. तिथे छपराला झोका होता आणि त्याच छपराला एका तान्ह्या पोराची झोळी टांगलेली होती.

ही गोष्ट काही फार जुनी नाही. अखाजी तोंडावर आली होती. इंदूबाईंचा निरोप आला, पुढच्या खोलीत गळती आहे, पाहुणे यायच्या आत बघून जा. मी आणि सलीमभाई सकाळी उन्हं चढायच्या आधी पोचलो. सलीमभाई आमच्याकडे वेल्डिंगचं काम करतात, माझ्याहून थोडे लहान, पण आता इतकी वर्षं बरोबर काढली आहेत की कुणी बोलायच्या आत दुसऱ्याच्या हातात पाना असतो. वैशाखात पत्रा दहा वाजता हात भाजतो, म्हणून आमचं काम सकाळी आणि मग ऊन उतरल्यावर.

घर केळीवाल्यांचं, नीटनेटकं. पुढे लांब पत्र्याची खोली, मागे एकच स्लॅबची खोली. इंदूबाईंचे यजमान बागेत गेलेले. घरात मुलगा विनोद, आणि बाळंतपणाला आलेली लेक सविता. तिचं पोरगं दोन-तीन महिन्यांचं असेल. ते पुढच्या खोलीत, पश्चिमेच्या दाराजवळ, पाइपाला बांधलेल्या लुगड्याच्या झोळीत झोपलं होतं. खोलीच्या मध्ये झोका बांधून तयार.

मी वर चढले, गळणाऱ्या हुकाचं वायसर बदललं आणि सवयीप्रमाणे पाइपाचं टोक हाताने हलवून पाहिलं. पाइप भिंतीत खडखड वाजला. जवळजवळ बोट शिरेल एवढी फट. दुसऱ्या टोकालाही तेच. मी खाली उतरून म्हटलं, "इंदूबाई, गळती गेली. पण हे छप्पर नुसतं टेकलेलं आहे. जोराचं वावधान आलं तर राहणार नाही. झोका काढा, झोळी काढा, मला दोन्ही भिंतींना पाइप बांधू द्या."

इंदूबाई माझ्यापेक्षा वयाने थोड्या मोठ्या. अंगाने बारीक, पण आवाज असा की केळीच्या बागेतून बैलाला हाक मारली तर गावातल्या माणसाने वळून बघावं.

"काहीतरीच सांगते व बाई! तो पाइप माही सासू जिती होती तवापासून हलते. अखाजीले माही लेक माहेरी आहे, नातू आहे, अन् तू मले म्हणते झोका काढ?"

"झोका अंगणातल्या निंबाला बांधा."

"निंबाले मुंगळे आहेत."

"मग बाळाला तरी आतल्या खोलीत झोपवा. वर स्लॅब आहे."

"आत भट्टी आहे. लेकरू शिजून जाईन. तू एक घंटा बसून दाखव आत."

हे मात्र त्या खरं बोलत होत्या, आणि सल्ला देणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. आमच्याकडे वैशाखात स्लॅबची खोली दुपारनंतर अशी तापते की भिंतीला पाठ लावता येत नाही. तान्हं मूल वारा लागेल तिथेच ठेवावं लागतं. म्हणून मी कुणाला "सदा आत बसा" असं सांगत नाही. मी सांगते, मूल पत्र्याखाली झोपवा, पण झोळी छपराला टांगू नका. लाकडी घोडीला टांगा, घोडी नसेल तर खाट उलटी करून तिच्या पायांना बांधा. आभाळ फिरलं की सगळं सोडून आधी मूल आत. तेवढा वेळ भट्टी सोसते.

सविता बाळाच्या झोळीपाशी बसून ऐकत होती. ती म्हणाली, "आई, काकू बराबर सांगून राह्यल्या. मी झोक्यावर बसली का वरतून माती पडते डोळ्यात. मी तुले कालच सांगितलं."

इंदूबाईंनी लेकीकडे असं पाहिलं की मला वाटलं आता दोघींनाही घराबाहेर काढतात. मग त्यांनी आमचा चहा रद्द केला. तशी मीही हट्टी. मी ओट्यावर बसकण मारली आणि सांगितलं, काम अर्धवट ठेवून जाणं आमच्या दुकानात बसत नाही, तुम्ही हो म्हणेपर्यंत इथेच बसते. सलीमभाईंनी शांतपणे बिडी पेटवली. त्यांना हा प्रकार नवीन नव्हता.

शेवटी विनोदने मध्यस्थी केली. पूर्वेची भिंत मोकळी होती, तिथलं काम लगेच करायचं. पश्चिमेच्या भिंतीला धान्याच्या कोठ्या लावलेल्या होत्या, त्या दुपारी सरकवायच्या आणि ते टोक ऊन उतरल्यावर बांधायचं. झोका आणि झोळी विनोदनेच सोडली आणि खाट उलटी करून झोळी तिच्या पायांना बांधली. इंदूबाई स्वयंपाकघरात भांडी आपटत राहिल्या.

सिमेंट भरून ते वाळायची वाट बघायला सवड नव्हती. म्हणून पूर्वेच्या भिंतीला आरपार भोकं पाडली, बोल्ट घातले, दोन्ही बाजूंनी लोखंडी पट्ट्या कसल्या आणि प्रत्येक पाइपाचं टोक त्या पट्टीला वेल्ड केलं. कडेच्या पत्र्यांना हूक दाट मारले. तुम्ही करून घ्याल तेव्हा हेच सांगा. मधल्या पत्र्याला एखादा हूक कमी चालेल, कडेच्या पत्र्याला चालणार नाही, वारा कडेपासून सुरुवात करतो. आणि पत्रा भिंतीबाहेर फार लांब काढू नका. सावली मिळते म्हणून लोक हातभर काढतात आणि वाऱ्याला धरायला जागा करून देतात.

काम झालं तेव्हा पत्रा तापला होता. आम्ही खाली उतरलो. सविताने आईला न विचारता आम्हाला भाकरी वाढली. आम्ही निंबाखाली जेवलो आणि तिथेच जरा पडलो.

दुपार कलली तरी वारा अजिबात नव्हता. पान हलत नव्हतं. सलीमभाई उठून उभे राहिले.

"भाभी, रावेर की तरफ देखो."

रावेरकडचं आभाळ तपकिरी झालं होतं. खाली जमिनीला चिकटून धुळीची भिंत येत होती. मी ओरडले, "विनोद, मेन स्विच पाड! पश्चिमेचं दार लाव! गोठ्यातली जनावरं सोड!" आणि घरात धावले.

आत गेले आणि पाहते तर झोळी पुन्हा पाइपाला. उलट्या खाटेवर पोरगं झोपेना, किरकिर करू लागलं, म्हणून इंदूबाईंनी आमचा डोळा लागल्यावर ती परत नेहमीच्या जागी बांधली होती. त्याच पश्चिमेच्या दाराजवळ, जिथलं टोक अजून मोकळं होतं.

भांडायला वेळ नव्हता. सविता झोळीशी पोचली होती. इंदूबाई गाठ सोडत होत्या, पण पोराच्या वजनाने गाठ आवळून बसली होती. वाऱ्याचा पहिला झोत आला. दार लावायच्या आधीच तो आत घुसला आणि आख्ख्या छपराने आवाज केला. माझ्या कमरेला पत्र्याची कातर होती. मी ती काढली.

"कापू नको व! नवं लुगडं आहे!" इंदूबाई म्हणाल्या.

"सविता, खालून धर," मी म्हटलं. तिने दोन्ही हातांनी पोराला खालून धरलं. मी गाठीच्या खाली कातर चालवली. पत्रा कापणारी कातर, लुगडं एका दाबात तुटलं. पोरगं आईच्या हातात आलं आणि जागं होऊन जोरात रडायला लागलं. सविता त्याला छातीशी धरून स्लॅबच्या खोलीत पळाली. मी वर पाहिलं. पश्चिमेच्या भिंतीवर, पाइपाच्या खालून, मला उजेड दिसला. छप्पर भिंतीवरून उचललं जात होतं आणि परत बसत होतं.

आता तिथे राहायचं काहीच कारण नव्हतं. पण आमच्याकडची एक आणखी खोड सांगायची राहिली. छप्पर हलायला लागलं की पुरुषमाणसं खालून पाइपाला लटकतात. आपल्या वजनाने छप्पर राहील, असं त्यांना मनापासून वाटतं. विनोद लटकला होता, आणि शेजारून धावत आलेले त्याचे चुलते नामदेवआबाही लटकले होते. वारा जोर करायचा तेव्हा दोघांचे पाय जमिनीवरून सुटायचे.

"सोड ते!" मी ओरडले. सलीमभाई दारातून ओरडत होते, "छोड़ो, अरे छोड़ दो!"

"काकू, मी पकडतो ना, तुम्ही आत जा!" विनोद म्हणाला. त्याच्या तोंडावर धूळ आणि फुशारकी दोन्ही होती.

इंदूबाई तोवर हातात लुगड्याचा तुकडा घेऊन उभ्या होत्या. त्यांनी विनोदच्या पायांकडे पाहिलं. पाय हवेत होते. त्यांनी तुकडा टाकला, धावत जाऊन दोन्ही हातांनी त्याचा पट्टा धरला आणि आपलं सगळं वजन खाली टाकलं. "सोड रे मेल्या! पत्रे गेले तं जाऊ दे, तू कायले जातो?" त्याचे हात सुटले आणि मायलेक एकमेकांवर कोसळले. नामदेवआबांनी ते पाहून घाबरून हात सोडले, तेवढ्यात पाइपाने त्यांचा तळहात सोलून काढला. आम्ही सगळे फरफटत आतल्या खोलीत शिरलो. सलीमभाईंनी दाराला पाठ लावली.

मग तो आवाज झाला. ज्यांनी ऐकला आहे त्यांना सांगायला नको, आणि ज्यांनी ऐकला नाही त्यांनी ऐकू नये, यासाठीच मी हे लिहीत बसले आहे.

भट्टीसारख्या त्या खोलीत आम्ही घामाने निथळत दाटीवाटीने बसलो होतो. सविता पोराला पाजत होती. इंदूबाई त्याच्या पावलाला हात लावून बसल्या होत्या आणि वारा थांबेपर्यंत त्यांनी तो हात काढला नाही. मला तेव्हा भीती वाटली नाही, राग आला. अजूनही येतो. वाऱ्याचा नाही येत, वारा दर वर्षी सांगून येतो. राग येतो तो "बघू पुढे" म्हणणाऱ्या आम्हा सगळ्यांचा.

वारा पडल्यावर विनोद लगेच बाहेर पळायला निघाला. मी त्याला कॉलरला धरून थांबवलं. वादळानंतर पहिला माणूस बाहेर पडतो तो वर बघत जातो आणि पायाखाली तुटलेली तार असते. आधी पायाखाली बघा. पत्रा तारेवर पडला असेल तर त्याला हात लावू नका, वीजवाल्यांना कळवा. ओल्या पत्र्यावर चढू नका. हे मी मुलाला सांगते, शेजाऱ्याला सांगते, लग्नाच्या पंगतीत बसलेल्या अनोळखी माणसालाही सांगते, आणि लोक मला टाळतात ते यामुळेच.

पश्चिमेकडचं अर्धं छप्पर गेलं होतं. पाइप वाकून भिंतीबाहेर लोंबत होते, पत्रे पार दुसऱ्याच्या केळीत जाऊन पडले होते. झोळी जिथे बांधलेली होती तिथे मोकळं आभाळ होतं. पूर्वेकडचं अर्धं छप्पर जसंच्या तसं होतं. आम्ही सकाळी बांधलेलं पाइपाचं एकही टोक जागचं हललं नव्हतं. मला अभिमान वाटला, हे मी लपवत नाही. आणि त्या कोठ्या सकाळीच सरकवल्या असत्या तर, ही रुखरुख आहे तीही आहेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नवे पाइप घेऊन परत गेलो. अखाजी एका दिवसावर होती आणि घर उघडं. दारात सगळी गल्ली जमली होती. वादळानंतर असं जमतातच. काही मदतीला येतात, काही हळहळायला, आणि काही कारण सांगायला. नामदेवआबा हाताला फडकं बांधून मध्ये उभे होते. मी शिडी भिंतीला लावली, तसे ते सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "आता पुन्हा नको. काल बाई घराच्या डोक्यावर चढली, पाय ठेवला, म्हणून तं हे झालं. अखाजीच्या तोंडावर असं करतात का कुठं?"

दोन-चार माना हलल्या. कुणीतरी बायकांमधून च्यक च्यक केलं.

मी पूर्वेकडे बोट दाखवलं. "आबा, ते बघा. मी चढले होते तो भाग तिथे आहे. जिथे चढले नव्हते तो केळीत जाऊन पडलाय."

"ते देवानं ठेवलं," आबा म्हणाले.

या धंद्यात मला पुष्कळ ऐकवलं गेलं आहे. बाईच्या हाताचा पत्रा गळतो म्हणून, नवऱ्याने लाज सोडली म्हणून. मी हसून सोडून देते. पण त्या दिवशी माझा हात शिडीवर तसाच राहिला. सलीमभाईंनी सामान गोळा करायला सुरुवात केली. ते घर इंदूबाईंचं होतं, गल्ली त्यांची होती. त्यांनी नको म्हटलं असतं तर मी शिडी उचलून निघाले असते. विनोद खाली मान घालून उभा होता, चुलत्यासमोर तो काय बोलणार. आणि इंदूबाईंचा माझ्यावर कालचाच राग होता, शिवाय मी त्यांचं नवं लुगडं फाडलं होतं.

इंदूबाई उंबऱ्यात उभ्या होत्या. पोरगं त्यांच्या खांद्यावर होतं. त्यांनी ते सविताच्या हातात दिलं, त्याचं टोपडं नीट केलं आणि पायऱ्या उतरून अंगणात आल्या. आबांच्या समोरून जाताना त्या थांबल्या नाहीत. शिडीपाशी येऊन त्यांनी लुगड्याचा काष्टा घट्ट ओढला.

"वहिनी, तू कुढी चालली?" आबांनी विचारलं.

इंदूबाईंनी बैलाला हाक मारायच्या त्या आवाजात, सगळ्या गल्लीला ऐकवलं, "काल एक बाई चढली तं अर्धं छप्पर राह्यलं. आज दोघी चढतो. सगळंच राहीन."

आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, "शिडी धर व, माहे पाय कापून राह्यले."

मी शिडी धरली.